हात हवेत, बॅट पडद्यावर: नव्या गेम-यंत्रांवर भरवसा किती ठेवायचा?

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घरात गेला महिनाभर एकच विषय आहे. नववीतल्या माझ्या पुतण्यानं कुठंतरी एक व्हिडिओ पाहिला आणि तेव्हापासून तो पैसे साठवतोय. "काका, हातात काय बी धरायचं नाही. नुसतं टीव्हीसमोर उभं राहायचं. आपण हात फिरवला की पडद्यावरचा माणूस बॅट फिरवतोय." त्याच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या भावाचं, उत्तरही ठरलेलं: "असली यंत्रं मागं बी आली होती. चार दिवस नाचले सगळे, मग माळ्यावर गेली."

दोघांचंही खरं आहे, आणि त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं मोजमाप तपासण्याचं काम करतोय. त्यामुळे असं यंत्र समोर आलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो एवढाच: हे नेमकं काय मोजतं, किती अचूक मोजतं, आणि मोजायला किती वेळ घेतं? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की जाहिरातीतलं खरं किती आणि रंगवलेलं किती, हे बरंचसं कळतं.

मोशन कंट्रोल म्हणजे काय?

नेहमीच्या व्हिडिओ गेममध्ये आपण बटण दाबतो. बटण दाबलेलं असतं किंवा नसतं, मधलं काही नाही. यंत्राला अंदाज बांधावा लागत नाही. मोशन कंट्रोलमध्ये बटणाऐवजी आपली हालचालच यंत्राला वाचायची असते: हात किती वर गेला, मनगट किती वळलं, आपण पुढं झुकलो की मागं. ही वाचायची रीत मुख्यतः दोन प्रकारची. एक, हातात धरलेल्या वस्तूच्या पोटात मोजणारे भाग बसवायचे. दोन, टीव्हीजवळ कॅमेरा ठेवून माणसाकडं बघायचं. गेल्या तीसपस्तीस वर्षांत आलेली बहुतेक यंत्रं या दोन रीतींच्या मिश्रणातून बनली आहेत.

भाऊ म्हणतो ते "मागं बी आली होती" अगदी खरं आहे. अमेरिकेत 1989 सालीच पॉवर ग्लोव्ह नावाचा हातमोजा विकायला आला होता. तो न ऐकू येणाऱ्या आवाजाच्या लहरींनी हाताची जागा शोधायचा. कल्पना सुंदर होती, पण मोजमाप इतकं ढिलं होतं की खेळ जमेना.

हातातल्या रिमोटमधला ओळंबा

2006 च्या नोव्हेंबरात निन्टेन्डो या जपानी कंपनीनं 'वी' हे यंत्र आणलं. त्याचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखाच दिसायचा, पण आत अॅक्सेलरोमीटर नावाचा भाग होता. मराठीत त्याला त्वरणमापक म्हणता येईल. सिलिकॉनच्या अतिबारीक स्प्रिंगांवर टांगलेलं सिलिकॉनचंच एक अतिबारीक वजन, एवढीच त्याची रचना. रिमोट हलला की ते वजन मागं राहतं, आणि किती मागं राहिलं ते विजेच्या साहाय्यानं मोजलं जातं.

खानापूरच्या एसटीत उभं राहून प्रवास केला असेल तर हे अंगानं माहीत आहे. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला की आपण पुढं झुकतो. डोळे मिटले तरी कळतं की गाडीचा वेग बदलला. गाडी थांबली की आपण पुन्हा सरळ. हा भाग गेमसाठी मुळात शोधलेलाही नाही. मोटारीची धडक ओळखून एअरबॅग फुगवण्यासाठी 1990 च्या दशकात असे भाग भरपूर बनू लागले, स्वस्त झाले आणि मग खेळण्यात आले.

रिमोट स्थिर धरला तर हेच वजन ओळंब्याचं काम करतं. गुरुत्वाकर्षण कुठल्या दिशेला आहे ते कळतं, त्यावरून रिमोट किती तिरका आहे ते कळतं. पण गवंड्याला विचारा. ओळंबा भिंत उभी आहे का ते सांगतो, भिंतीचं तोंड पूर्वेला आहे की पश्चिमेला ते नाही सांगत. तसंच रिमोट आडवा ठेवून डावीउजवीकडं वळवला तर ओळंब्याला त्याचा पत्ता लागत नाही.

ही उणीव भरून काढायला जायरोस्कोप लागतो. तो वळण्याचा वेग मोजतो. जत्रेतल्या फिरत्या चक्रीवर सरळ चालायचा प्रयत्न केला की अंग बाजूला ओढलं जातं, तसा त्याच्या आतला सतत थरथरणारा बारीक तुकडा रिमोट वळला की बाजूला ओढला जातो. 'वी'च्या मूळ रिमोटमध्ये हा भाग नव्हता. तो 2009 मध्ये रिमोटच्या शेपटीला लावायच्या एका जोडणीतून आला.

चूक साठत कशी जाते

आता खरी अडचण. वेग किती बदलला ते कळलं, मग हात कुठं पोचला ते काढता येईलच की? कागदावर येतं. वेगातल्या बदलावरून वेग, वेगावरून अंतर. पण आमच्या कारखान्यात नवीन पोराला पहिल्याच आठवड्यात जे शिकवतात ते इथं आडवं येतं. पट्टीवर दहा भोकं पाडायची असतील तर प्रत्येक भोक आधीच्या भोकापासून मोजायचं नाही, सगळी एकाच मूळ कडेपासून मोजायची. त्या कडेला आम्ही डेटम म्हणतो. आधीच्या भोकापासून मोजलं तर दर वेळची दोन शतांश मिलिमीटरची चूक पुढच्या मापात मिसळते, दहावं भोक दोन दशांशानं सरकतं आणि बोल्ट बसत नाही.

रिमोटला असा डेटम नसतो. तो प्रत्येक क्षणी आधीच्या क्षणावरून मोजतो. समजा त्याच्या मापात गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक हजारांश भागाएवढी, म्हणजे दर सेकंदाला वेगात 0.01 मीटर प्रति सेकंद एवढी चूक आहे. असल्या स्वस्त भागासाठी हे माप चांगलंच म्हणायचं. तरी दहा सेकंदांत यंत्राचा हिशेब अर्ध्या मीटरनं चुकतो. एका मिनिटात 18 मीटरनं. कारण चूक वेळेच्या वर्गाच्या पटीत वाढते. पोरगा खोलीत उभा, आणि यंत्राच्या हिशेबात तो गल्लीच्या टोकाला. या घसरत जाण्याला ड्रिफ्ट म्हणतात. जायरोस्कोपची चूकही साठते, फक्त हळू. म्हणूनच अशा गेममध्ये मधूनमधून "रिमोट पडद्याकडे धरा आणि बटण दाबा" असं सांगतात. तेव्हा आपण यंत्राला नवा डेटम देत असतो.

दोन पणत्यांची गोष्ट

निन्टेन्डोनं हा डेटम बाहेरून दिला, आणि तो इतक्या साधेपणानं दिला की मला आजही त्याचं कौतुक वाटतं. टीव्हीवर ठेवायची एक बारीक पट्टी यंत्रासोबत यायची. तिला सेन्सर बार म्हणत, पण तिच्यात सेन्सर नव्हताच. दोन टोकांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे दिवे होते, बस्स. कॅमेरा होता रिमोटच्या तोंडाशी. त्याला ते दोन ठिपके कुठं दिसतात त्यावरून रिमोट पडद्यावर कुठं रोखलाय ते कळायचं. ज्यांची पट्टी बिघडली त्यांनी तिच्या जागी दोन मेणबत्त्या लावून खेळून पाहिलं आणि ते चाललं, कारण ज्योतीतूनही इन्फ्रारेड निघतो. आपल्या दोन पणत्यांनीही भागलं असतं.

2008 च्या दिवाळीत दुबईहून आलेल्या पाहुण्यांनी ते यंत्र आमच्या घरी आणलं होतं. टीव्हीचा रिमोट हातात घ्यायला कचरणारी माझी आई बोलिंगच्या खेळात उभी राहिली. बॉल मागं नेऊन पुढं सोडायचा, एवढंच सांगितलं. तिसऱ्या फेरीला तिनं आम्हाला हरवलं. "हात हलिवला की चेंडू जातोय की," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. बटणांचा खेळ तिला आम्ही वर्षभर शिकवला असता तरी हे झालं नसतं.

यामागं काय होतं ते नंतर कळलं. तो मूळ रिमोट हाताची जागा ओळखतच नव्हता. टेनिसमध्ये खुर्चीत बसून नुसतं मनगट झटकलं तरी फटका बसायचा. काहींना ही फसवणूक वाटली. मला ती समज वाटते. यंत्राला जेवढं मोजता येतं तेवढंच मागणारा खेळ त्यांनी रचला. फटका कधी मारला हे पक्कं कळायचं, कसा मारला हे ढोबळ कळायचं, आणि खेळ पहिल्यावरच उभा होता. 'वी' जगभरात 10 कोटींहून जास्त विकलं गेलं. लोक इतक्या जोरात हात फिरवत होते की रिमोट हातातून सुटून टीव्हीवर आदळायचे. डिसेंबर 2006 मध्ये कंपनीनं सुमारे 32 लाख मनगटपट्टे बदलून दिले.

अख्ख्या अंगाकडं बघणारा कॅमेरा

माझा पुतण्या ज्यावर भाळलाय ती दुसरी रीत. तिची मोठी कहाणी म्हणजे किनेक्ट, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेम-यंत्राला जोडायचा कॅमेरा. जून 2009 मध्ये ते लोकांना दाखवलं, नोव्हेंबर 2010 मध्ये विकायला आलं आणि पहिल्या 60 दिवसांत 80 लाख खपलं.

साध्या कॅमेऱ्याला चित्र दिसतं, अंतर दिसत नाही. किनेक्ट खोलीभर न दिसणाऱ्या इन्फ्रारेड ठिपक्यांची रांगोळी टाकायचं. कागदावर काढलेली ठिपक्यांची जाळी सपाट दिसते. तीच जाळी प्रोजेक्टरनं पायऱ्यांवर टाकली आणि जरा बाजूला उभं राहून बघितलं तर ठिपके सरकलेले दिसतात. किती सरकले त्यावरून कुठली पायरी किती जवळ ते काढता येतं. त्यातून खोलीचा अंतराचा नकाशा मिळायचा. मग अनेक आकारांच्या, अनेक पवित्र्यांतल्या शरीरांची लाखो चित्रं दाखवून तयार केलेली आज्ञावली त्या नकाशात डोकं, खांदे, कोपर, गुडघे असे 20 सांधे शोधायची. इथं चूक साठत नाही, कारण प्रत्येक चित्र नव्यानं मोजलं जातं. डेटम कायम समोर.

मग अडलं कुठं? जागेवर. एका माणसाला कॅमेऱ्यापासून साधारण सहा फूट, दोघांना आठ फूट लांब उभं राहावं लागायचं. आमच्याकडच्या लांबोळक्या घरांत, जिथं पुढच्या खोलीत एकेकाळी माग होता आणि आता पलंग, टीव्ही आणि शिवणयंत्र आहे, तिथं आठ मोकळे फूट सापडणं अवघड. खिडकीतून ऊन आलं तर उन्हातला इन्फ्रारेड ठिपक्यांवर चढतो. हात पाठीमागं गेला, किंवा एक माणूस दुसऱ्याच्या पुढं आला, की मागचं यंत्राला दिसत नाही. सोगा, ओढणी, साडीचा घोळ असला की गुडघा कुठं आहे याचा अंदाजच बांधायचा.

"पण व्हिडिओत तर सगळं लगेच होतंय!"

पुतण्याचा हा पहिला आक्षेप. तिसरा प्रश्न इथं येतो: मोजायला किती वेळ? किनेक्ट सेकंदाला 30 चित्रं घ्यायचं. म्हणजे एका चित्राला 33 सहस्रांश सेकंद. मग त्यातून सांधे शोधायचे, खेळानं प्रतिसाद ठरवायचा, टीव्हीनं चित्र सजवून दाखवायचं. सगळं मिळून साधारण सेकंदाचा दहावा भाग, कधी त्याहूनही जास्त.

ऐकायला काहीच नाही. पण ताशी 140 किलोमीटरनं आलेला चेंडू तेवढ्यात जवळजवळ चार मीटर पुढं गेलेला असतो. खेळपट्टीची लांबी 20 मीटर. म्हणजे पाचवा हिस्सा. तुम्ही अगदी वेळेवर बॅट फिरवलीत आणि पडद्यावर दांडी गुल. नाचाच्या खेळात हाच उशीर खपून जातो, कारण पुढची मुद्रा आधी दाखवलेली असते आणि उशीर किती आहे ते धरून गुण देता येतात. किनेक्टवर नाचाचे खेळ खरंच चांगले चालले, आणि त्यामागं हे एक मोठं कारण होतं.

ओळखीच्या रंगमंचावर, ठरलेल्या प्रकाशात, सराव केलेल्या माणसानं दाखवलेलं आणि आपल्या खोलीतलं यांत फरक राहणारच. किनेक्टच्या पहिल्या प्रदर्शनात पडद्यावरचा एक मुलगा समोरच्या माणसाशी मनमोकळं बोलताना दाखवला होता. तो खेळ कधीच बाजारात आला नाही. शंका घेणाऱ्यांचं इथं बरोबर ठरलं, आणि मी त्यांच्या बाजूनं आहे: जे विकत मिळत नाही ते दाखवून पैसे साठवायला लावू नये. मुलं मनापासून विश्वास ठेवतात.

"हे सगळं मोबाइलमध्ये आहेच की"

आहे. त्वरणमापक, जायरोस्कोप, कॅमेरा, सगळं. मोबाइल आडवा केला की चित्र आडवं होतं तो ओळंबाच. पण टीव्हीपुढं उभं राहून मोबाइल गरागरा फिरवायचा नसतो, आणि फिरवताना पडदाच हलला तर बघणार कशात? यंत्राचे भाग सारखे असले तरी खेळाची मांडणी वेगळी लागते.

"बटणं नसतील तर पळायचं कसं?"

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. कॅमेऱ्याच्या खेळात उडी मारता येते, वाकता येतं, हात मारता येतो. पण खोलीला भिंती आहेत, म्हणून पुढं चालत जाता येत नाही. हवेत मारलेला ठोसा कशालाच लागत नाही, त्यामुळे हाताला उत्तर मिळत नाही. पडद्यावरचं बटण निवडायला हात हवेत धरून ठेवावा लागतो आणि दोन मिनिटांत खांदा भरून येतो. सोनीनं 2010 मध्ये मूव्ह नावाची कांडी आणली ती याच विचारानं: टोकाला चमकणारा रंगीत गोळा, हातात बटणं, आत त्वरणमापक आणि जायरोस्कोप. कॅमेऱ्यात गोळा मोठा दिसला तर जवळ, लहान दिसला तर लांब. आतलं मोजमाप जलद, बाहेरचं मोजमाप पक्कं, आणि दोन्ही एकमेकांच्या चुका दुरुस्त करतात. माझ्या धंद्याच्या नजरेनं बघितलं तर त्या पिढीतली ही सगळ्यात नेटकी रचना. पण चांगलं मोजमाप आणि चांगले खेळ या वेगळ्या गोष्टी आहेत. मूव्हला तिच्या तोलाचे खेळ फार थोडे मिळाले. पुढं 2016 मध्ये सोनीच्या डोक्याला लावायच्या, आभासी दुनिया दाखवणाऱ्या व्हीआर संचात त्याच कांड्यांना खरं काम मिळालं.

"कॅमेरा आमच्या घरात नको"

वहिनीचं म्हणणं हे, आणि ते हट्टाचं नाही. 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टनं नवं एक्सबॉक्स वन आणलं तेव्हा किनेक्ट सोबत घ्यावंच लागत होतं, आणि ते कायम जोडलेलं असावं असं आधी ठरलं होतं. लोकांनी इतका विरोध केला की यंत्र किनेक्टविनाही चालेल असं कंपनीला जाहीर करावं लागलं. किंमतही नडली: सोनीचं यंत्र 399 डॉलरना, हे 499 ना. 2014 च्या जूनमध्ये किनेक्टविना संच विक्रीला आला, आणि 2017 मध्ये किनेक्टचं उत्पादनच थांबलं.

तेव्हा विकत घेण्याआधी विचारायचं ते असं: चित्रं डब्यातच वाचून टाकून दिली जातात की इंटरनेटवरून कुठं पाठवली जातात? इंटरनेट बंद केलं तर खेळ चालतो का? भिंगावर झाकण आहे का? भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. त्यामुळे संमतीच्या पानावर मुलानं परस्पर होकार देऊ नये, आईवडिलांनी वाचून द्यावा.

"निदान व्यायाम तरी होईल?"

थोडा होतो. इंग्लंडमधल्या संशोधकांनी 2007 मध्ये किशोरवयीन मुलांवर 'वी'चे खेळ तपासले. बसून खेळण्यापेक्षा शक्ती जास्त खर्च होते, पण तोच खेळ मैदानात खेळण्याएवढी होत नाही, असं त्यांना दिसलं. आमच्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस मैदान मोकळं ठेवत नाही. त्या दिवसांत पोरं पलंगावर लोळत मोबाइल बघण्यापेक्षा खोलीत उड्या मारतील, तर मला ते बरं वाटेल. पाऊस उघडला की मैदानच.

मग आत्ता नवं काय आहे?

जून 2025 मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या स्विच 2 मध्ये रिमोटच्या कडेला संगणकाच्या माऊससारखा प्रकाशाचा सेन्सर आहे. रिमोट टेबलावर किंवा मांडीवर आडवा ठेवून सरकवायचा. व्हीलचेअर बास्केटबॉलच्या एका खेळात दोन्ही हातांनी असे दोन रिमोट सरकवून चाकं फिरवायची असतात. इथं हात हवेत तरंगत नाही, टेकलेला असतो, आणि पृष्ठभाग हाच डेटम. मला हा मार्ग आशेचा वाटतो.

पुतण्याला हवा आहे तो नेक्स प्लेग्राउंड नावाचा छोटा चौकोनी डबा, अमेरिकेत 2023 च्या अखेरीस आलेला. त्यात ठिपक्यांची रांगोळी नाही. साधा रुंद कॅमेरा, आणि सांधे शोधण्याचं काम आता बऱ्याच सुधारलेल्या आज्ञावलीकडं. पण हात पाठीमागं गेला की न दिसण्याची अडचण तशीच, खोलीची अडचण तशीच. शिवाय बहुतेक खेळांसाठी वर्गणी भरावी लागते, म्हणजे खर्च एकदाच संपत नाही. बाहेरदेशी विकल्या जाणाऱ्या यंत्राला इथं वॉरंटी लागू होते का, दुरुस्तीला कुठं पाठवायचं, हेही दुकानदाराकडून लिहून घ्यायला हवं.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं तेव्हा तो हिरमुसला नाही. कारखान्यातला माझा मोजपट्टा मागून घेतला. टीव्हीच्या भिंतीपासून पलंगाच्या कडेपर्यंत पाच फूट चार इंच भरलं. पलंग आतल्या खोलीत नेला तर नऊ फूट होतात. पलंगावर माझी आई झोपते. तिला विचारायला तो परवापासून धजत नव्हता, म्हणून काल रात्री मीच विषय काढला. तिनं विचारलं, "त्यात ते बोलिंग हाय काय?"